पाठांतराने गोळी विरघळत नाही!

औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसाठी दुसऱ्या वर्षी भौतिक औषधनिर्माणशास्त्र हा विषय शिकविला जातो. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार आखलेल्या अभ्यासक्रमात त्याचे दोन भाग असून प्रत्येकास ४५ तासिका आहेत. विद्राव्यता, पृष्ठताण, चूर्णाच्या कणांचे मोजमाप, औषधाचे टिकाऊपण ही त्यातील काही प्रकरणे. ‘दुकानात बसणाऱ्यास ही समीकरणे हवीत कशाला? पाठ करा, पास व्हा आणि विसरा!’ असा उपदेश या विषयाबाबत राजरोस केला जातो. हा उपदेश आम्हांस मान्य नाही. तो रोग्याच्या जिवाशी चाललेला खेळ आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

गोळी गिळली म्हणजे औषध लागू पडले, हा भ्रम होय. ती आधी विरघळली पाहिजे. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, हे घरातील कोणासही ठाऊक असते. विरघळण्याच्या या वेगाचा नियम नॉयस व व्हिटनी यांनी १८९७ साली मांडला. तोच नियम आज विद्यार्थी अर्थ न जाणता घोकीत बसतो!

या अज्ञानाची किंमत काय, हे इतिहासास विचारावे. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेफऱ्यावरील फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधील भरणद्रव्य बदलले. कॅल्शियम सल्फेट जाऊन दुग्धशर्करा आली. औषधाची मात्रा तीच होती. पण ते रक्तात अधिक उतरू लागले आणि रोग्यांस विषबाधा झाली. १९९८ साली एचआयव्हीवरील रिटोनाविरच्या कॅप्सूलमध्ये कमी विरघळणारे नवे स्फटिक निर्माण झाले. रेणू तोच, रचना मात्र निराळी. अखेर त्या कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. ही उदाहरणे ज्यास समजली, तो ‘समीकरणे कशाला?’ असे पुन्हा विचारणार नाही.

आणि दुकानाचेच म्हणाल, तर ‘बाटली हलवून घ्या’ ही सूचना याच शास्त्राची आहे. गाळ तळाशी बसला, तर पहिल्या चमच्यात औषध कमी आणि शेवटच्या चमच्यात नको तितके जाते. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईस हे समजावून कोणी सांगावयाचे? ज्याने प्रात्यक्षिकाची वही मागल्या वर्षीच्या वहीवरून उतरून काढली, त्याने?

दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. प्रयोग न करताच वहीवर सही करणारे अध्यापक आणि तेच ते प्रश्न फिरवून विचारणारे परीक्षक त्यांच्याइतकेच दोषी आहेत. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने गोळी विरघळवून वेळ मोजावा आणि परीक्षेत ‘सूत्र लिहा’ यापेक्षा ‘असे का घडले?’ हे विचारले जावे. पालकांनीही आपल्या मुलास गुण किती मिळाले एवढेच न विचारता, प्रयोग केलास काय, हे विचारावे.

गुणपत्रिकेवरील आकडा रोग्याच्या पोटात जात नाही, गोळी जाते. ती विरघळेल की नाही, हे जाणणारा माणूस आम्हांस औषधाच्या दुकानात आणि कारखान्यात हवा आहे!