वरचा मजला तेवढा खरा

केक कापून झाला, नवऱ्या मुलाने नवरीला घास भरवला, फोटोवाल्याने तोच घास आणखी दोनदा भरवायला लावला आणि जोडपं आहेर घ्यायला पुन्हा खुर्च्यांवर जाऊन बसलं. तेवढ्यात आमचा दादा, म्हणजे नवरीचा मामा, सुरी घेऊन पुढे झाला. चारशे माणसं जेवायला आलीत, केक नुसता उभा कशाला, वाटून टाकू, असा त्याचा सरळ हिशोब. सुरी लावली ती सगळ्यात खालच्या, घसघशीत मजल्याला. कर्रर्र असा आवाज आला. मखर कापताना यायचा तो. पांढरे मणी सुरीला चिकटून बाहेर आले आणि दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, हा तर थर्माकोल आहे!"

केक आमच्याच सोसायटीतल्या एका मुलीने घरी केला होता, त्यामुळे ही भानगड मला आधीपासून ठाऊक होती. चार मजल्यांतले खालचे तीन खोटे, वरचा किलोभराचा तेवढा खरा. पाहुण्यांसाठी त्याच चवीचे, बिनसजावटीचे चपटे केक मागे केटररकडे खोक्यांत ठेवले होते. त्यांचे चौकोनी तुकडे आइस्क्रीमबरोबर वाटायचे होते. ‘किचन केक’ म्हणतात त्याला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. मग त्या मुलीने मला मे महिन्यातलं ठाणं समजावून सांगितलं. या दमट हवेत क्रीम बघता बघता मान टाकतं. फॉन्डंट, म्हणजे केकवर पांघरलेली साखरेची पोळी, फ्रिजमधून बाहेर काढली की तिला घाम फुटतो, कारण साखर हवेतला ओलावा ओढून घेते. खरेच मजले चढवायचे तर आत जाड स्ट्रॉ किंवा लाकडी काड्या खांबांसारख्या रोवाव्या लागतात, नाहीतर वरचं वजन खालच्या स्पंजमध्ये रुततं. आणि एवढं करून तो डोलारा घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून हॉलवर न्यायचा. "मावशी, थर्माकोल बसत नाही खाली," ती म्हणाली. २०१८च्या बंदीत गणपतीच्या मखरातून हुसकून लावलेला थर्माकोल लग्नाच्या केकात येऊन लपलाय, हे मी तिला बोलून दाखवलं. ती हसली, उत्तर काही दिलं नाही.

केक ठरवण्याआधी भाचीने मला फोनवर शेकड्याने फोटो दाखवले होते. मध्यंतरी उघड्या केकची लाट होती. बाजूंना क्रीमच नाही, स्पंजचे थर तसेच दिसणार. आईने तो फोटो बघून "पैसे संपले का यांचे?" असं विचारलं होतं. मग ताजी फुलं. २०१८ साली हॅरी-मेगनच्या लग्नात राजघराण्याचा नेहमीचा फ्रूटकेक बाजूला पडला आणि लिंबू व एल्डरफ्लॉवरचा, खऱ्या फुलांनी सजवलेला स्पंज केक आला. आपल्याकडे ही फुलं बाजारातून येतात, फवारणीसकट. म्हणून आमची ही मुलगी प्रत्येक देठ स्ट्रॉमध्ये बसवते आणि मगच केकात खोचते. कण्हेरीला तर हातच लावत नाही.

आणि आता गाडी उलटी फिरलीय. झालरी, शिंपले, मोत्यांच्या माळा, एका नक्षीवर दुसरी आणि तिच्यावर तिसरी. याला ‘लँबेथ’ म्हणतात. जोसेफ लँबेथ नावाच्या गृहस्थांनी १९३०च्या दशकात या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, त्यावरून हे नाव. काही वर्षांपूर्वी ज्याला आपण भडक म्हणून हसत होतो तेच आता ‘व्हिंटेज’ म्हणून चढ्या दराने मागतात. मला विचाराल तर मला हे आवडतं. निदान कुणीतरी हात दुखेपर्यंत पिशवी दाबलीय, हे दिसतं तरी.

भाचीने मात्र शेवटी पैठणी निवडली. मराठी घरांतून सध्या तिचीच चलती आहे. जांभळ्या फॉन्डंटवर सोनेरी काठ, काठात मोर, आणि वरच्या मजल्यावर समोरच साखरेची नथ. त्या नथीवर दोन संध्याकाळी गेल्या. ज्वारीच्या दाण्याएवढे मोती तळहातावर वळलेले, त्यांवर ब्रशने चमक फिरवलेली, मधोमध एक डाळिंबी खडा. सगळं बिनअंड्याचं, कारण दोन्हीकडच्या आज्या. बिनअंड्याचं म्हणजे कमअस्सल, हा समज आता सोडायला हरकत नाही. रॉयल आयसिंग एरवी अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घोटून करतात, ते वाळलं की दगडासारखं होतं. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अंड्याविना तेच आयसिंग वापरून मिलानच्या कॅथेड्रलची शंभर किलोची प्रतिकृती उभी केली होती.

दादाचा राग जेवताना उतरला नव्हता. "खोटं ते खोटं," असं त्याचं सुरूच होतं. मी त्याला म्हटलं, हे खोटं आजचं नाही. १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाचा केक तीनशे पौंडांचा होता, घेर नऊ फुटांचा. शुभ्र साखर तेव्हा महाग, म्हणून पांढरा केक म्हणजे ऐपतीचं प्रदर्शन. पुढे १८५८ मध्ये तिच्या लेकीचं लग्न झालं तेव्हा केक फक्त तळाशी होता, वरचे मजले नुसते साखरेचे. आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटनमध्ये केकवर आयसिंग घालायलाच बंदी आली. मग लोकांनी काय करावं? पुठ्ठ्याचे पांढरेशुभ्र मजले भाड्याने आणले, त्याखाली घरचा चिमुकला केक झाकला, फोटो काढले आणि मजले परत केले.

"तिकडचं तिकडे," दादा म्हणाला.

आई इतका वेळ मुकाट्याने मठ्ठा पीत होती. तिने वाटी खाली ठेवली. "तुझ्या लग्नात रुखवतावर सुपारीचे भटजी मांडले होते तुझ्या सासूने. खोबऱ्याच्या वाट्यांचा बँडबाजा होता. कुरडयांचा मनोरा तर तुझ्या खांद्याएवढा. कुणी खाल्लं होतं त्यातलं?"

दादा गप्प. रुखवत म्हणजे मुळात मुहूर्ताआधी मुलीकडच्यांनी नवऱ्या मुलासाठी नेलेलं खाणं. ते खाण्याचं मांडण्याचं कधी झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्याकडे आता हॉलवाला रुखवतासाठी टेबल देत नाही, केकसाठी देतो.

किचन केकचे तुकडे सगळ्यांना पुरले. थर्माकोलचे तीन मजले ती मुलगी डिकीत घालून घेऊन गेली. वरचा फॉन्डंट सोलून पुढच्या रविवारी तेच पुन्हा उभे राहणार होते. नथ तेवढी आईने मागून घेतली, टिश्यूत गुंडाळून घरी आणली आणि शोकेसमध्ये ठेवली. दादाच्या लग्नातले दोन भटजी अजून तिथेच आहेत, त्यांच्या शेजारी.

चौथ्या दिवशी शोकेसच्या काचेवरून मुंग्यांची रांग लागली. आईने चष्मा लावून बघितलं, म्हणाली, "ही खरी होती वाटतं." मग नथ मोरीत टाकून तिने दोन्ही भटजी फडक्याने पुसले आणि परत जागेवर बसवले.