कळी जपताना श्वासही जपावा

वाढदिवसाला किंवा आजारातून उठल्यावर भेट म्हणून येणाऱ्या कुंड्यांमध्ये हल्ली जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे ऑर्किड हमखास असते. त्याचे शास्त्रीय नाव फॅलेनॉप्सिस. त्याची फुले दोन-तीन महिने टिकतात, कुंडी हलकी असते आणि रोज पाणी घालावे लागत नाही. म्हणूनच ज्येष्ठांच्या खोलीला हे झाड शोभते. मात्र एखाद्या सकाळी टपोऱ्या कळ्या पिवळ्या पडून गळू लागतात, कोणीतरी "हवा कोरडी आहे" असे सांगते आणि आपण घाईने हवा ओली करू पाहतो.

ही घाई माझ्या हातूनही झाली. सासूबाईंच्या खिडकीशी ठेवलेल्या ऑर्किडच्या कळ्या गळू लागल्या, म्हणून मी थंड तुषार सोडणारे ह्युमिडिफायर त्यांच्या खोलीत रात्रभर लावू लागले. दारे-खिडक्या बंद असत. काही आठवड्यांत कपाटामागच्या भिंतीवर काळपट बुरशी दिसू लागली आणि त्यांचा जुना दमा पुन्हा उसळला. "अगं, कळ्या राहिल्या खऱ्या, पण माझा श्वास अडकतोय त्याचं काय?" एवढेच त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी यंत्र बंद करावयास सांगितले. तेव्हापासून मी एक नियम पाळते: खोलीची हवा माणसाच्या मापाने ठेवावी, झाडाची सोय कुंडीपुरती करावी.

या नियमाने झाडावर अन्याय होत नाही. फॅलेनॉप्सिस हे मूळचे आग्नेय आशियातील उष्ण, दमट अरण्यांतले. ते मातीत न वाढता झाडांच्या खोडांवर वाढते. आपल्या सह्याद्रीत झाडांवर फुलणारी सीतेची वेणी याच कुळातली. या झाडांच्या मुळांवर ओलावा शोषून घेणारे स्पंजासारखे आवरण असते. अरण्यात त्यांना दमटपणाबरोबर खेळता वाराही मिळतो. साधारण 50 ते 70 टक्के आर्द्रता त्यांना मानवते. माणसासाठी 40 ते 60 टक्के आर्द्रता सुखाची मानली जाते. म्हणजे 50 ते 60 टक्क्यांवर दोघांचेही भागते. आर्द्रता दीर्घकाळ 60 टक्क्यांच्या वर राहिली, की बुरशी आणि गादी-उशांतील सूक्ष्म कीटक वाढतात व दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. ती फार घटली, तर नाक व डोळे कोरडे पडतात आणि उतारवयातील त्वचेला खाज सुटते.

तेव्हा प्रथम मोजावे. घड्याळाएवढा आर्द्रतामापक थोडक्या किमतीत मिळतो. तो कूलरपासून आणि उन्हापासून दूर, कुंडीजवळ ठेवावा आणि सकाळी व दुपारी आकडा पाहावा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवा मुळातच इतकी दमट असते, की ओलावा वाढविण्याचा प्रश्नच उरत नाही. तेथे पंखा मंद ठेवून हवा खेळती राखणे, एवढेच काम. पुणे, मराठवाडा, विदर्भ येथे एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी हवा फार कोरडी होते. मात्र खोलीत पाण्याचा कूलर चालू असेल, तर तोच हवा दमट करतो. वातानुकूलन यंत्र याउलट हवेतील ओलावा काढून घेते.

आकडा 50 च्या आसपास असूनही कळ्या गळत असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे. वातानुकूलन यंत्राचा थंड झोत, कुंडीची वारंवार हलवाहलव, मुळांशी साचलेले पाणी किंवा शेजारी ठेवलेली पिकलेली केळी-आंबे यांमुळेही कळ्या गळतात. पिकत्या फळांतून निघणारा वायू त्यास कारण होतो.

आर्द्रता खरोखरच कमी असेल, तर उथळ ताटलीत खडे पसरावेत, खड्यांच्या माथ्याखाली राहील इतपतच पाणी ओतावे आणि वर कुंडी ठेवावी. कुंडीचा तळ पाण्याला लागता कामा नये. याने खोलीची हवा बदलत नाही, झाडाभोवती किंचित ओलावा मिळतो. दोन-चार कुंड्या जवळजवळ ठेवल्यास तो थोडा अधिक टिकतो. पानांवर फवारलेले पाणी मात्र थोड्याच वेळात सुकते. पानांच्या मध्यभागी, जेथून नवे पान फुटते तेथे, ते रात्रभर साचले तर झाड कुजते. शिवाय फवाऱ्याने ओली झालेली फरशी वृद्धांच्या पायाखाली किती धोक्याची, हे निराळे सांगावयास नको.

या ताटलीचीही एक जोखीम आहे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवामानात आठवडा-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही तग धरतात. म्हणून पाणी नुसते बदलून भागत नाही. आठवड्यातून एकदा ताटली व खडे घासून, कोरडे करूनच पुन्हा मांडावेत. कूलरच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे.

मुळांना पाणी घालण्याचा दिवसही तोच ठेवावा. मुळे रुपेरी-करडी दिसली तर पाणी द्यावे, हिरवी असतील तर थांबावे. सकाळी पाणी घालून ते पूर्ण निथळू द्यावे आणि मगच कुंडी जागेवर ठेवावी.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. ताटली घासणे आणि कुंडी उचलणे आपण करावे. आकडा वाचण्याचे काम मात्र घरातील ज्येष्ठांकडे सोपवावे. आमच्याकडे सासूबाई चष्मा लावून रोज तो आकडा दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहितात. तो साठच्या वर गेला, की प्रथम खिडकी उघडावयास लावतात आणि मग ऑर्किडकडे वळतात. त्यांचा दमा आता आटोक्यात आहे, आणि यंदा दांड्यावर सात कळ्या आल्या आहेत.