प्रतिकारशक्ती वाढवून नेमकं काय वाढतं?

हिरड्यांतून रक्त आलं की कोणीतरी म्हणतंच, ‘प्रतिकारशक्ती कमी झालीय, काढा घे.’ कोविडनंतर तर हा सल्ला फारच बोकाळला. त्यामागचा पूर्वपक्ष असा : हिरड्यांवर जंतू हल्ला करतात, शरीराची फौज दुबळी पडते, म्हणून फौज वाढवा. ऐकायला बिनतोड.

1965 साली हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी 12 निरोगी माणसांचं दात घासणं बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा ब्रश सुरू होताच ठीक झाल्या. या धडधाकट माणसांची प्रतिकारशक्ती तीन आठवड्यांत आटली होती का? उलट, सूज आणि रक्त ही फौज धावून आल्याची खूण आहे. कीटण साचत राहिलं तर हीच फौज तिथे मुक्काम ठोकते. जंतूंवर सोडलेली विकरं हिरडीचा कोलॅजनही विरघळवतात, आणि फौजेच्या इशाऱ्यावर शरीराच्याच पेशी दाताभोवतीचं हाड पोखरतात. म्हणूनच 1998 साली अमेरिकेत हिरड्यांच्या या रोगासाठी 20 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन मंजूर झालं. एवढ्या मात्रेत जंतू मरत नाहीत. लगाम बसतो तो आपल्याच विकरांना.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. एका जन्मजात विकारात पांढऱ्या पेशी रक्तातून हिरडीत उतरूच शकत नाहीत आणि कोवळ्या वयात दात पडतात. दुबळ्या फौजेचा याहून मोठा पुरावा कोणता? पण 2017 मध्ये अमेरिकी संशोधकांनी अशाच एका रुग्णाला इंटरल्युकिन-12 आणि 23 रोखणारं, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची एक शाखा शांत करणारं औषध दिलं, आणि हिरड्यांची सूज ओसरली. पेशी पोहोचत नाहीत म्हणून ‘आणखी पाठवा’ हा निरोप थांबतच नाही, आणि नासधूस त्या निरोपातूनच होते.

मग जंतू निर्दोष? तेही नाही. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या 480 मजुरांना दात घासण्याची सवयच नव्हती. पंधरा वर्षांच्या पाहणीत सुमारे 8 टक्क्यांचा रोग झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांचा बेताने, 11 टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेपुढे गेलाच नाही. घाण सारखी, फरक माणसामाणसाच्या प्रतिसादाचा. तो प्रतिसाद काढ्याने बदलतो याचा भक्कम पुरावा नाही. त्याला चिथावणारं कीटण मात्र काढता येतं, आणि तो चिघळवणारा मधुमेह व तंबाखू आवरता येतात. (विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, यावर त्याने खूश होऊ नये, रोग आतून चालूच असतो.)

‘दात साफ केले आणि हलायला लागले’ ही तक्रार दवाखान्यात नेहमीची. पण दोष सफाईचा नसतो, हाड आधीच गेलेलं असतं. दात उभे असतात ते कीटणाच्या टेकूवर.