एक सर्व्हर, दोन पीएचपी

गेल्या पंधरवड्यात एका रविवारी आमच्या गल्लीतला एक मुलगा तोंड पाडून दारात उभा राहिला. वडील उद्यमनगरात मोल्डर, हा एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो. "काका, नवं पीएचपी घातलं, तर जुना खात्यांचा प्रोग्राम उघडंना झालाय. उद्या चालू झालं न्हाई तर येऊ नको म्हणत्यात सायेब."

वाचकहो, पीएचपी ही संकेतस्थळाच्या मागे बसून काम करणारी भाषा. १९९५ साली रॅस्मस लेरडॉर्फ यांनी ती जगापुढे आणली. पाचावरून ती थेट सातावर गेली (सहावी आवृत्ती आलीच नाही!), आणि डिसेंबर २०१५ च्या सातव्या आवृत्तीत माहितीसाठ्याशी बोलणाऱ्या जुन्या 'मायएसक्यूएल' आज्ञाच काढून टाकल्या. पतसंस्थेचा प्रोग्राम त्याच आज्ञांवर उभा. यात पोराचा गुन्हा काय?

अपाची सर्व्हरच्या पोटातच पीएचपी बसवले, तर तिथे एकच आवृत्ती चालते. म्हणून तिला पोटाबाहेर काढायचे. तांबडा आणि पांढरा रस्सा आपण एकाच पातेल्यात करतो का? स्वयंपाकघर एक, पातेली दोन, पळ्याही दोन. तसे 'पीएचपी-एफपीएम' ५.६ साठी वेगळे आणि आठव्या आवृत्तीसाठी वेगळे चालवायचे. प्रत्येकाचे सॉकेट निराळे. मग अपाचीच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये लिहायचे, की जुन्या खात्यांचे काम या सॉकेटकडे, नव्या संकेतस्थळाचे त्या. मायएसक्यूएलची जोडणीही दोन्हींना स्वतंत्र बसवावी लागते.

सोमवारी त्याने तसे केले, खाती उघडली. पण रात्री व्याज काढणारा प्रोग्राम मुकाच! क्रॉनमधून हाक जात होती नुसत्या 'पीएचपी' या नावाने, आणि ओ देत होती नवी आवृत्ती. तिथे 'पीएचपी ५.६' असे पूर्ण नाव घातले, तेव्हा व्याज निघाले.

आम्ही मात्र त्याला बजावले. ५.६ च्या सुरक्षेची डागडुजी ३१ डिसेंबर २०१८ लाच थांबली आहे. कष्टकऱ्यांच्या ठेवी तिच्या भरवशावर वर्षानुवर्षे ठेवणे बरे नव्हे. जुना प्रोग्राम नव्याने लिहून होईपर्यंतच ही दोन पातेली. आणि बाळा, हे तोंडी सांगू नकोस, साहेबांना लेखी दे. उद्या काही चोरीला गेले तर पहिले बोट तुझ्याकडेच वळेल.

त्याने अर्ज दिला. पोच तेवढी घेतली नव्हती, पुन्हा पाठवला.