पिशवीचे धडे मनमाडलाच मिळावेत

आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबईत होते. पोटावरच्या पिशवीसह जगणे मात्र मनमाडला येऊन सुरू होते. परळच्या टाटा रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे; स्टोमा म्हणजे मळ बाहेर पडण्यासाठी आतड्याचे पोटावर काढलेले तोंड, त्यावरच ही पिशवी बसते. रुग्णाला घरी सोडण्याआधी परिचारिकेने कात्री त्याच्याच हातात द्यायला हवी. पिशवी चिकटवायच्या चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा 2-3 मिलिमीटरच मोठे कापायचे; जास्त कापले तर मळ लागून कातडी सोलवटते. स्टोमा लालसर, ओलसर असावा. काळपट दिसला की तडक डॉक्टर गाठायचा. अर्धी भरण्याआधीच पिशवी रिकामी करायची.

पण मुंबई इथून सुमारे 260 किलोमीटर. रात्री पिशवी गळू लागली तर विचारायचे कोणाला? त्यात पाणीटंचाई या शहराच्या पाचवीलाच पुजलेली. साठवणीच्या पाण्यात स्वच्छता कशी राखायची, हे इथलीच परिचारिका नेमके सांगू जाणे. वासाच्या धास्तीने जेवण तोडणारा, लग्नकार्य टाळणारा माणूसही तिच्यापाशीच मन मोकळे करील. मनमाडच्या उपजिल्हा रुग्णालयातील किमान दोन परिचारिकांना आरोग्य विभागाने स्टोमाच्या देखभालीचे प्रशिक्षण द्यावे आणि आठवड्यातला एक दिवस त्यांना केवळ याच कामासाठी मोकळा ठेवावा.