नुक्त्यावरच बिट का तुटतं?

रमजानच्या आधीच्या आठवड्यात भाच्याने एका घराची पाटी कोरायला घेतली. वर मराठीत ‘शेख’, खाली तेच उर्दूत. मराठी शब्द सुरळीत झाला. शिरोरेघ सरळ, एकच मात्रा, टिंब एकही नाही. उर्दूत मात्र शीनचे तीन, येचे दोन आणि खेचा एक, असे एवढ्याशा शब्दात सहा नुक्ते. चौथ्या नुक्त्यावर ‘टक्’ असा आवाज आला आणि आतल्या खोलीतून हाक आली, “खाला, फिर टूट गया.”

त्या महिन्यातलं ते पाचवं बिट. भाच्याचं म्हणणं, माल हलका येतो. बहिणीचं म्हणणं, पोराच्या हाताला घाई आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवते, लोखंड-लाकडाशी माझा संबंध खडूपुरता. पण कुठल्याही चुकीवर ‘माल खराब’ आणि ‘हात खराब’ ही दोनच उत्तरं मिळाली की मला ती पटत नाहीत. वर्गातही पटत नाहीत. म्हणून सुट्टीत त्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसले.

त्याचं यंत्र टेबलावर मावणारं, 3018 नावाचं. म्हणजे 300 बाय 180 मिलिमीटरची कामाची जागा. मोटर साधी, मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे. बिट 1 मिमीचं, दोन धारांचं, कार्बाइडचं. कार्बाइड कठीण असतं पण ठिसूळ. ते वाकून इशारा देत नाही, सरळ तुटतं. बारीक बिटाचं गणितही निर्दय आहे. जाडी निम्मी केली तर तेवढ्याच जोराला ते सोळा पट वाकतं. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर आठ पट. भाच्याने बिट पकडीबाहेर जेवढं काढता येईल तेवढं काढलं होतं, ‘नीट दिसावं म्हणून’. गरज होती त्याच्या निम्मीच.

नुक्त्याचं कोडं मात्र दोन पाट्या बघितल्यावरच कळलं. अक्षराच्या रेषेत बिट आडवं चालतं, भुसा मागे पडत जातो. नुक्त्यावर ते उचललं जातं, सरकतं आणि खिळ्यासारखं सरळ खाली घुसतं. सपाट टोकाच्या बिटाला ही सर्वांत वाईट चाल, कारण त्याची धार बाजूने कापायला असते. आणि इवल्याशा खड्ड्यातला भुसा जाणार कुठे? शब्दाला सहा नुक्ते म्हणजे सहा वेळा जिवावर बेतणारं काम. आता तो सरळ घुसवत नाही, बिटाला उतारावरून तिरकं उतरवतो. फार बारीक नुक्ता असेल तर टोकदार व्ही-बिट लावतो. त्याचं टोक बारीक, पण वरचा भाग जाड. आणि आधी 3 मिमीच्या बिटाने मोकळी जागा काढून घेतो, 1 मिमीवाल्याला फक्त उरलेले कोपरे देतो. आपल्या नगरच्या दमडी मशिदीतली दगडी नक्षी बघताना हे आठवतं. पाथरवट आधी जाड टाकीनेच दगड मोकळा करतो, बारीक टाकी शेवटी घेतो. आम्ही मात्र सगळी पाटी बारीक टाकीनेच खोदायला निघालो होतो.

दुसरी गोष्ट ऐकायला उलटी वाटते. बिटं तुटतात म्हणून भाच्याने वेग कमी करत करत मिनिटाला 80 मिमीवर आणला होता. दहा हजार फेरे, दोन धारा, म्हणजे मिनिटाला वीस हजार काप. 80 भागिले 20,000 केलं तर प्रत्येक कापाच्या वाट्याला 0.004 मिमी लाकूड येतं. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. एवढ्याशा घासात धार कापत नाही, नुसती घासते, तापते, बोथट होते. अ‍ॅक्रिलिक असेल तर ते वितळून बिटाला चिकटतं. आता तो 300 ने चालवतो, घास 0.015 मिमी, पण एका फेरीत खोली 0.3 मिमीच. भीती वाटली तर खोली कमी करायची, चाल नाही. हे मला फार उशिरा कळलं, त्यालाही.

तिसरी गोष्ट पकडीची. बिट धरणारी कोलेट आधी नटमध्ये ‘टक्’ करून बसवायची आणि मग नट स्पिंडलवर चढवायचा. भाचा कोलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळायचा, तोही भुसा न पुसता. मग बिट मधोमध फिरत नाही, डुलतं. ते 0.05 मिमी जरी डुललं तरी ते घासाच्या तिप्पट झालं. एकच धार दोघींचं काम करते आणि तीच तुटते. जाड बिटाला हे डुलणं खपून जातं, म्हणून महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

हे सगळं इथे लिहिण्याचं कारण पाटी नाही. एका शाळेत असंच यंत्र मी पाहिलं, त्यावर झाकण म्हणून जुना टेबलक्लॉथ होता. नववीतल्या एका मुलीकडून लागोपाठ दोन बिटं तुटली, तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली, उरलेली बिटं कपाटात कुलूपबंद झाली. ती मुलगी पुन्हा त्या खोलीत गेली नाही. बाकीच्या मुलीही गेल्या नाहीत. सहकाऱ्यांची अडचण मला समजते. पैसे मागायचे, बिल लावायचं, माल यायला आठवडा. पण शे-दीडशे रुपयांचं बिट हा खडूसारखा खर्च आहे. खडू तुटला म्हणून आपण फळा झाकून ठेवत नाही.

आपल्या हद्दीपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो 1983 मध्ये सुरू केला, आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने 2002 मध्ये तिथे फॅब लॅब आली, जगातल्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. फॅब लॅबमध्ये सर्किटच्या पट्ट्या कोरायला 1/64 इंचाचं, म्हणजे सुमारे 0.4 मिमीचं बिट वापरतात. आमच्या बिटाच्या निम्म्याहून बारीक. नवशिक्यांकडून तीही तुटतात, आणि म्हणूनच ती कशी जपायची हा तिथे शिकवण्याचा भाग असतो. आपल्या मोहल्ल्यातली मुलं दहावीच्या आधी गॅरेजला लागतात तेव्हा ‘हाताला वळण आहे’ म्हणून आपण समाधान मानतो. त्याच हाताला 80 भागिले 20,000 शिकवायची वेळ आली की कपाटाला कुलूप लावतो. मला याचा राग येतो.

त्या मुलीला मी मे महिन्यात घरी बोलावलं, अम्मीला सोबत घेऊन ये म्हणून सांगितलं. पहिल्याच दिवशी तिला एक वही दिली. बिट तुटलं की तारीख, लाकूड, खोली, चाल आणि कुठल्या क्षणी तुटलं, एवढंच लिहायचं. कुणाचं नाव लिहायचं नाही. मे आणि जून मिळून तीन नोंदी आहेत. पहिली अशी की पट्टी मधे फुगलेली होती, खालची टेप सुटली, खोली आपोआप वाढली. दुसरी, शून्य लावताना बिट कागदाऐवजी थेट लाकडावर टेकवलं. तिसरी भाच्याच्या हातची आहे, अक्षर मात्र तिचं: “क्लॅम्पला धडकलं. क्लॅम्प 12 मिमी उंच, बिट 5 वर उचलत होतो. आता 15.”