तिला खुर्चीवरून उठवू नका!

देवपुरातल्या कितीतरी घरांत जुना कॉम्प्युटर असतो, त्यावर भरतकाम केलेला रुमाल असतो. पोरांच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला. पोरं पुण्याला गेली, कॉम्प्युटर मागे राहिला आणि हळूहळू आईचा झाला. बचत गटाचा हिशेब, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, लेकीच्या लग्नाचे फोटो, सगळं त्यातच. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि ती जुन्या मशीनमध्ये बहुधा नसते. मग दुकानदार म्हणतो, ‘काकू, आता नवाच घ्या.’

नवाच का घ्यायचा? लिनक्स फुकट आहे, १९९१पासून आहे आणि त्याचे काही हलके प्रकार जुन्या मशीनवर छान चालतात. पेन ड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, पसंत पडलं तर कायमचं टाकायचं. (फोटो आणि हिशेब आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. ‘इरेज डिस्क’ म्हणजे खरोखर सगळं पुसतं.) इथवर सोपं असतं. खरी गंमत त्यानंतर होते. मशीन पुन्हा सुरू होतं आणि समोर काळा पडदा! फार तर एका कोपऱ्यात ‘लॉगिन’ असा शब्द आणि लुकलुकणारी रेघ. ना चित्र, ना माउसचा बाण.

माझ्या शेजारच्या वहिनींकडे हेच झालं. ‘माय वं, बंद पडी गयं!’ म्हणून त्या ओरडल्या. भाचा सुट्टीला आलेला होता. तो पटकन म्हणाला, ‘मामी, तुम्ही सरका, मी बघतो.’ वहिनी उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. पाच मिनिटांत पडदा उजळला, सगळे खूश. पण मैत्रिणींनो, भाचा रविवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला परत गेला. पुढच्या एखाद्या अपडेटनंतर पडदा पुन्हा काळा झाला, तर घरी कोण असणार? वहिनीच. आणि त्यांना काय येणार? चहा.

मला भाच्याचा राग नाही, तो प्रेमानेच करतो. पण ही मदत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हॅल हेन्सन या लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या प्रोग्रॅमर बाईंनी (पुढे त्यांनी व्हॅलेरी ऑरोरा हे नाव घेतलं) २००२मध्ये बायकांना लिनक्सकडे कसं आणावं यावर एक टिपण लिहिलं होतं. त्यात एक साधी सूचना होती : शिकवताना तिच्या हातून कीबोर्ड काढून घेऊ नका. म्हणजे हे दुखणं काही एकट्या देवपूरचं नाही!

आणि बिघाड शोधणं आम्हाला नवं आहे का हो? धुळ्यात पाणी यायचं तेव्हा येतं. मोटर चालू आहे, टाकीत पाणी आहे आणि नळ कोरडा, तर आपण घर पाडतो का? हवा धरली का, व्हॉल्व बंद आहे का, कचरा अडकला का, एकेक बघत जातो. काळा पडदा तसाच. मशीन चालू असतं, नुसतं चित्र नळापर्यंत पोचलेलं नसतं.

‘लॉगिन’ हा शब्द दिसतोय? मग आनंदच आहे, आतलं सगळं ठीक आहे. कदाचित डेस्कटॉप बसलेलाच नसेल. डेबियनच्या छोट्या इन्स्टॉलरला इंटरनेट लागतं. ते मध्येच गेलं, तर नुसता सांगाडा बसतो. नेट आल्यावर रूट म्हणून लॉगिन करून ‘टास्कसेल’ लिहिलं, की डेस्कटॉपची यादी येते, त्यातला निवडायचा. (डेबियन हे नाव इयान मर्डॉकने १९९३मध्ये आपलं आणि मैत्रीण डेब्राचं नाव जोडून ठेवलं. तिचं नाव आधी आलंय, बघा!)

काहीच दिसत नसेल, तर संशय ग्राफिक्स कार्डावर घ्यायचा. मशीन सुरू होताना शिफ्ट धरून ठेवायचं, काही मशीनवर एस्केप दाबायचं, म्हणजे मेनू येतो. तिथे ‘ई’ दाबायचं. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजीत, लहान अक्षरांत, सलग लिहायचा आणि एफ-१० दाबायचं. कार्डाची खास कामं बाजूला ठेवून साधंच चित्र दाखव, असा त्याचा अर्थ. हे तेवढ्या एका वेळेपुरतं असतं. पडदा आला, की लिनक्स मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून योग्य ड्रायव्हर टाकायचा.

पासवर्ड बरोबर असून पुन:पुन्हा लॉगिनवरच परत येत असाल, तर डिस्क भरली असण्याची शक्यता असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबलं, की अक्षरांचा पडदा येतो. तिथे लॉगिन करून ‘डीएफ’, एक जागा, लहान आडवी रेघ आणि तिला चिकटून ‘एच’ लिहिलं, की किती जागा उरली ते कळतं.

यात इंजिनिअरिंगची डिग्री कुठे लागली? लागला तो थोडा धीर आणि एक वही. भाच्याने पुण्याहून फोनवर सांगावं, मामींनी टाइप करावं, चुकलं तर पुन्हा करावं. पाच मिनिटांचं काम तासभर चालेल. चालू दे! वहिनींनी आता दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर ‘नोमोडसेट’ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

आणि हो, त्या काळ्या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना एकही अक्षर उमटत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो. तसंच टाइप करा आणि एंटर दाबा.